पेवाला भेग पडली नाही

नाताळ अंकाच्या संपादकांचं कार्ड आलं. ‘आपल्या प्रदीर्घ सेवेतले धन्य अनुभव चार पानांत लिहून पाठवावेत.’ कार्ड बायकोला वाचून दाखवलं. ती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “गुडघ्यांचं लिवा.”

बरोबर आहे तिचं. देवाच्या सेवेत झिजलो असं लोक म्हणतात. झिजले ते गुडघे. खांद्यावर पोतं घेऊन वस्त्या-वस्त्यांनी हिंडण्यात उभा जन्म गेला, आणि आता ओसरीवरून अंगणात उतरायचं तरी भिंत धरावी लागते. धन्य वगैरे मला लिहिता येणार नाही. काम काय होतं ते सांगतो, आणि एका पेवाची हकिकत सांगतो. ती सगळ्यांना ठाऊक आहे असं सगळ्यांना वाटतं.

मी आमच्या मंडळीचा कोठीदार. मंडळी म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांची उपासनेला जमणारी माणसं, आणि कोठी म्हणजे त्या मंडळीच्या धान्याचा साठा. हे धान्य मुठीचं. पहाटे बाई जात्यावर बसली की दळायच्या ज्वारीतली पहिली मूठ तिनं बाजूला काढायची आणि चुलीशेजारच्या गाडग्यात टाकायची. ती मूठ देवाची. घरात पाहुणे असोत, आजार असो, नवरा रुसून गेलेला असो, मूठ चुकवायची नाही. आठवड्यातून एकदा मी यायचो आणि गाडगं पोत्यात उपडं करायचो. बारामतीपासून इंदापूरपर्यंत कालव्याच्या कडेकडेनं आमच्या सात-आठ वस्त्या होत्या. कळंबच्या अलीकडं आमची मूळ वस्ती, तिथं कोठी. या धान्यावर मंडळीतली म्हातारीकोतारी जगायची, आजाऱ्याला कण्या मिळायच्या, आणि बारामतीच्या मुलींच्या बोर्डिंगात ज्या गरीब पोरी शिकायच्या त्यांच्या वाटणीची ज्वारी जायची. तिथं त्या काळी मुलीमागं सहामाहीला पोतं-दीड पोतं धान्य पोचवावं लागे. धान्य पोचलं तर पोरगी राहिली, नाही पोचलं तर ट्रंक उचलून घरी. सरळ हिशेब.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या कामात ती उघडायची, आणि मग काय काय दिसायचं! एका वस्तीवर राहेलबाई नावाची सासू होती. तिचा पंजा सुपाएवढा. पण मूठ काढायचं काम सुनेकडं, कारण सुनेचा हात लहान. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “सुनंला धर्माचं वळण नगं व्हय लागायला?” बरं, तिच्या घरी जेवायला वाढायची वेळ आली की मात्र स्वतःच्या हातानं वाढायची, आणि ताट रिकामं होऊ द्यायची नाही. अशा माणसावर रागावणार कसं? आणखी एकजण होता, तो कोठीसाठी निवडून निवडून किडकी ज्वारी बाजूला ठेवायचा. मी म्हटलं, “अरे, देवाला किडकी चालती का?” तर म्हणाला, “त्येनंच क्येली न्हवं कीड?” पोतं खांद्यावर टाकलं आणि निघालो.

कळंबात दस्तगीरभाईंचं किराणा दुकान होतं. पाच वेळा नमाज पढणारा माणूस. मी दुकानावरून जायला लागलो की हाक मारायचे आणि दुकानातल्या ज्वारीची एक मूठ माझ्या पोत्यात टाकायचे. पहिल्यांदा मी संकोचलो. म्हटलं, “भाई, ही आमच्या देवाची मूठ हाय.” ते म्हणाले, “मग? तुमचा द्येव काय परगावचा हाय व्हय?” तेव्हापासून मी पोतं त्यांच्यापुढं उघडून धरायचो.

आता पेव. आधी आमचं धान्य कणगीत असायचं. कणगी म्हणजे वेताची, शेणानं लिंपलेली मोठी टोपली. माझ्या ओसरीवरच होती. कणगीचं दुखणं एकच: ती सगळ्यांना दिसायची. कुणीही यायचं, ओसरीवर टेकायचं, डोळ्याला पदर लावायचं, आणि मी सूप भरून द्यायचो. मला कुणाचं रडणं बघवत नसे. परिणाम काय, तर पावसाळा सुरू व्हायच्या आत कणगी खडखडीत, आणि खऱ्या नडीच्या दिवसांत देणार काय? कपाळ! एका साली खरोखरच निराधार असलेल्या दोन म्हाताऱ्यांना महिनाभर इकडंतिकडं तुकडे मागून खावे लागले. मंडळीच्या सभेत मला उभं केलं. पंच म्हणाले, “तात्या, आंधळं दळतंय आन् कुत्रं पीठ खातंय, अशी तुमची कोठी.” मान खाली घालून ऐकून घेतलं. ते माझ्या मनात फार खोल गेलं. त्या दिवसापासून मी माझा हात आखडला. लोक म्हणू लागले, तात्या आता पक्का कारभारी झाला. ते ऐकायला गोड लागायचं.

त्याच सभेत ठरलं की निम्मं धान्य पेवात टाकायचं. वस्तीच्या वरच्या अंगाला मुरमाच्या टेकाडावर वाडवडलांच्या वेळचं एक पेव होतं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेव म्हणजे जमिनीत खणलेली खोल कोठी. तोंड अरुंद, एक माणूस उतरेल एवढंच. आत रांजणासारखं पोट. आतून शेणानं लिंपायचं, बुडाला आणि कडेनं काड घालायचं, मग धान्य ओतायचं. वरून पुन्हा काड, मग दगडाची चीप, आणि चिपेवर मातीचं जाड लिंपण. भिंतीलगतची चार बोटं ज्वारी काळी पडतेच, आणि पेवातल्या ज्वारीच्या भाकरीला वास येतो. पण जमीन कोरडी असेल तर दोन-तीन वर्षं धान्याला काही होत नाही. उघडायला मात्र घाई चालत नाही. चीप काढली की अर्धा दिवस तसंच ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर आत वाफ कोंडलीय, उतरायचं नाही. उतरला तो मेला. अशी माणसं गेलेली आम्ही ऐकून होतो.

ज्या सालची ही गोष्ट, त्या साली चैत्राच्या अखेरीला आम्ही पेव भरलं. दोन वर्षांच्या मुठी होत्या त्यात. बारामतीहून पाळकसाहेब आले. पाळक म्हणजे आमचे धर्मगुरू. हे फार भले गृहस्थ, सायकलीवर येत, आणि कुणाच्याही घरचं पिठलं आवडीनं खात. त्यांनी प्रार्थना केली. मग आमचा एक रिवाज ठरला. मुठी बायकांच्या हातच्या, म्हणून मूळ वस्तीतल्या प्रत्येक घरच्या बाईनं ओल्या लिंपणावर आपला पंजा उमटवायचा. सोळा घरं, सोळा पंजे. रब्बीच्या पेरण्या उरकल्या की कार्तिकात सगळ्यांच्या समोर उघडायचं, तोवर कुणी हात लावायचा नाही, अशी देवासमोर बोली झाली. आणि राखणदार मी.

त्या सोळा पंजांत एक सगुणाचा. सगुणा विधवा होती. वस्तीतली बाकीची माणसं शेतात मजुरीला जात, ही गावोगाव लोकांच्या घरांच्या भिंती लिंपत हिंडायची. माती आणि शेण कालवून कालवून हातांना भेगा पडलेल्या. घरात आंधळा सासरा, आणि एकुलती एक मुलगी शांता, बारामतीच्या बोर्डिंगात सहावीला. पोरगी हुशार. सुट्टीत आली की वस्तीतल्या सगळ्यांची पत्रं वाचून दाखवायची, नि लिहून द्यायची. तिला मास्तरीण व्हायचं होतं. तिच्या पुढच्या सहामाहीची ज्वारी पेवातून द्यायची असं सभेत ठरलं होतं. सगुणाला दुसरा आधार नव्हता. पेव होतं म्हणून शांताची शाळा होती, एवढं उघड होतं ते.

वैशाख आला. त्या साली ऊन असं की घरांच्या भिंती तडकल्या, अंगणं तडकली, माझ्या घराच्या ओट्याला बोट शिरेल एवढी चीर पडली. मी रोज सकाळी टेकाडावर जाऊन पेव बघून यायचो. आणि एके दिवशी माझ्या ध्यानात आलं, पेवाच्या लिंपणाला एकही भेग नाही! सोळाच्या सोळा पंजे जसेच्या तसे. बोटांच्या रेघासुद्धा दिसतायत. माझ्या अंगावर काटा आला. भोवतालची सगळी जमीन फाटलेली आणि एवढा एकच गोल तुकडा अखंड.

मी काय करावं? रविवारी उपासनेत उभा राहिलो आणि साक्ष दिली. म्हणालो, भावांनो, बहिणींनो, आपण विश्वासानं ठेव ठेवली, आणि देवानं तिच्यावर हात ठेवलाय, जाऊन बघा. सगळी मंडळी टेकाडावर. एकीनं लिंपणावर डोकं टेकलं. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. पुढच्या रविवारी इंदापूरकडची माणसं बैलगाडी जोडून बघायला आली. मी त्यांना पुढं होऊन दाखवत होतो, हा अमकीचा पंजा, हा तमकीचा. त्यांनी माझे हात हातात घेतले. ज्या माणसाला दोन वर्षांपूर्वी भर सभेत कुत्र्या-पिठाची म्हण ऐकावी लागली होती त्याला काय वाटलं असेल! मी हवेत होतो.

आषाढ लागला तरी पावसाचं नाव नव्हतं. एका सकाळी सगुणा माझ्या ओसरीशी आली. हात कोपरापर्यंत मातीचे, कुणाच्यातरी घरचं काम अर्धं टाकून आली होती.

“तात्या, रागवू नगा. पेव उघडा.”

“का?”

“लिंपनाला भेग पडंना, म्हंजी खाली वल हाय. कोरडी माती तडकतीच. जल्मभर भिती लिंपती म्या. ज्या भितीला भेग न्हाय ती भित आतून वली असती.”

मी हसलो. म्हटलं, “ओल कुठनं येणार गं? पावसाचा थेंब न्हाय.”

“टेकाडाच्या पाटीमागं जाऊन बघितलं का?”

मी बघितलं नव्हतं. तिनं बघितलं होतं. त्या दोन वर्षांत सगळीकडं ऊस आला होता. भवानीनगरला कारखाना उभा राहत होता, आणि ज्याच्या रानाला कालव्याचं पाणी पोचत होतं तो ऊस लावत होता. टेकाडाच्या पाठीमागच्या मळेकऱ्यानंही लावला. त्यासाठी चारी काढून बारमाही पाणी खेळवलं. त्याचा काय दोष? पाणी आलं तर माणूस पीक घेणारच. पण ते पाणी मुरमातनं आमच्या टेकाडाखाली झिरपत होतं, आणि पेवात कोंडलेली वाफ वरचं लिंपण ओलं ठेवत होती. वाडवडलांच्या वेळी कालव्याचं पाणी तिथवर कधी पोचलंच नव्हतं, म्हणून पेव कोरडं होतं. हे सगळं मला आता कळतं. सगुणाला तेव्हाच कळलं होतं.

मी म्हटलं, “सगुणा, अख्ख्या मंडळीनं ती देवाची खूण मानली. पाळकसाहेबांनी मानली. तुझा देवावर भरवसा न्हाय का?”

“देवावर हाय की,” ती म्हणाली. “पेवावर न्हाय.”

मला राग आला. खरं तर त्या बोलण्यातलं खरं कळलं, म्हणूनच आला. म्हटलं, “सोळा पंजांची बोली हाय. एकट्यानं कशी मोडायची?”

“त्यात माजाबी पंजा हाय. माजा म्या काढती. बाकीच्यास्नी तुमी इचारा. न्हाय म्हनायचं न्हाईत.”

विचारायला काय जात होतं? सोळा घरं, एका हाकेच्या अंतरावर. तासाभरात सगळ्या बाया जमल्या असत्या, चीप सरकवली असती, आणि हात घालून बघितलं असतं. पण मग काय म्हणायचं होतं मी त्यांना? परवा देवाची खूण म्हणून ज्याची साक्ष दिली, ती ओल आहे? इंदापूरकरांना काय तोंड दाखवू? जे करू नये ते मी केलं. आवाज खाली आणला आणि तिला म्हणालो, “सगुणा, तुझ्या पोरीची ज्वारी मंडळी देतीय, ध्यानात ठेव. अविश्वास पसरवणाऱ्याच्या घरी कोठीचं धान्य द्यावं का न द्यावं, हे पंचांना विचारावं लागंल.”

ती हातावरची वाळलेली माती चोळत निघून गेली. त्यानंतर पेवाविषयी ती एक शब्द कुणापाशी बोलली नाही.

आत माझी बायको सगळं ऐकत होती. मी जेवायला बसलो तेव्हा म्हणाली, “उघडून बघाय काय जातं तुमचं?” मी म्हटलं, “माझं नाव जातं.” तिनं भाकरी ताटात टाकली. चार दिवस तिनं मला ‘वाढू का’ एवढंच विचारलं.

आषाढात उघडलं असतं तर निम्म्याहून जास्त हाती लागलं असतं. हे मी माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून कमी करून सांगत नाही आणि वाईट वाटावं म्हणून वाढवूनही सांगत नाही. पेवांची माहिती असणाऱ्या दोघा-तिघा म्हाताऱ्यांना पुढं मी, दुसऱ्याच कुणाची गोष्ट असल्यासारखं करून, विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं.

पाऊस आला तो भाद्रपदात, आणि आला तो झोडपून. खरीप तर गेलंच होतं. मजुरी नाही, घरांत दाणे नाहीत. माणसं मला विचारायची, “तात्या, पेव कवा?” मी म्हणायचो, “बोलीप्रमाणं. कार्तिकात.” आणि ती माणसं मान डोलवून जायची. खरंच सांगतो, उपाशी माणसं होती ती, पण एकानंही कुरकूर केली नाही. देवाशी बोललेलं मोडायचं नाही यावर त्यांची एवढी श्रद्धा. त्या श्रद्धेला तोड नव्हती. राखणदार मात्र चुकीचा होता.

कार्तिकात पाळकसाहेब आले. उपकारस्तुतीची, म्हणजे पिकापाण्याबद्दल देवाचे आभार मानायची, प्रार्थना झाली. बायकांनी नवीन टोपल्या, सुपं आणली होती. लिंपण फोडलं, चीप सरकवली, आणि जो भपका आला त्यानं पुढची माणसं मागं हटली. आंबूस, सडका, नाकात बसणारा. राहेलबाईनं नाकाला पदर लावून विचारलं, “पेवाचा वास असाच आस्तोय न्हवं का?” मी म्हटलं, “असाच असतो.” दुपारी कंदील सोडला, तो हातभर खाली जायच्या आत विझला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सोडला. या वेळी जळत राहिला. मी कमरेला दोरी बांधून स्वतः उतरलो.

वरची वीतभर ज्वारी बरी दिसत होती. हात खाली घातला तर गरम लागलं. काळा लगदा. कुठं कोंब फुटून कुजलेले, कुठं बुरशीची पांढरी ढेकळं. मी खालीच बसलो. वरून हाका येत होत्या, “तात्या, कसं काय हाय?” शेवटी एक ओंजळ भरून वर धरली. ती कुणी घेतली मला दिसलं नाही, पण वरचा आवाज एकदम बंद झाला तो ऐकला.

वरवरची चार-सहा टोपल्या ज्वारी निघाली, ती धुऊन वाळवून आठवडाभर पुरली. बाकीचं म्हशीपुढं टाकलं तर म्हशीनं तोंड फिरवलं. दोन वर्षांच्या मुठी होत्या त्या. पहाटे झोपेतून उठून, पोराच्या तोंडातला घास कमी करून काढलेल्या. बायका टेकाडावर बसून रडल्या.

पाळकसाहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. ते म्हणाले, “देवानं दिलं, देवानं नेलं. त्यानं आपली परीक्षा पाहिली. त्याच्या मनात काय आहे ते आपल्याला आज कळणार नाही.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “आपल्या कोठीदारानं शेवटच्या दिवसापर्यंत बोली पाळली. कारभारी असावा तर असा विश्वासू.” त्यांना आषाढातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी तोंड उघडलं होतं. शब्द अगदी जिभेवर होते. सगुणा समोरच रिकामी टोपली घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मी तोंड मिटलं. लोकांना वाटलं, तात्याला भरून आलं.

दिवाळीच्या सुट्टीला आलेली शांता ज्वारीची वाट बघत वस्तीवरच थांबली होती. बोर्डिंगवाल्यांनी माणुसकी दाखवली, महिनाभर तिची जागा राखून ठेवली. मी पोतं घेऊन पुन्हा वस्त्या फिरलो. दारोदारी म्हटलं, आणखी एक मूठ द्या, सगुणाच्या पोरीसाठी. दिली लोकांनी. दस्तगीरभाईंनी पायलीभर दिली. पण साल असं होतं की ज्यांच्याकडं मागायचं तेच कण्या शिजवत होते. तीन आठवडे हिंडून अर्धं पोतं झालं. ते घेऊन सगुणाच्या दारात गेलो. ती चुलीपुढं होती.

“शांता कुठं हाय?”

“ग्येली. मामाच्या टोळीत, ऊस तोडाया.”

“अगं, आठ दिवस थांबायचं. मी पुरं करत होतो.”

“म्हातारं उपाशी हुतं,” ती म्हणाली. मग पोत्याकडं बघून म्हणाली, “ठेवा तितं. खायाला लागतंय.”

शांता पुन्हा शाळेत गेली नाही. दोन-तीन साल ऊस तोडला, मग लग्न झालं, मग मुलं. मी कोठीदारच राहिलो. पेव बुजवलं, धान्य पुन्हा कणगीत आलं, पुढं पत्र्याच्या पिंपात. दर उपकारस्तुतीला कुणी ना कुणी पेवाची गोष्ट सांगायचं, मंडळीची श्रद्धा आणि तात्याचा विश्वासूपणा. मी मान खाली घालून बसायचो. लोकांना तो नम्रपणा वाटायचा. खोटं बोलून जेवढा माणूस थकत नाही तेवढा असं ऐकून घेऊन थकतो.

सगुणा शेवटच्या आजारात होती तेव्हा मी जाऊन बसलो. सुकून काडी झाली होती. म्हटलं, “सगुणा, आषाढात तू आलीस तेव्हा...” तिनं हात वर करून मला थांबवलं.

“मला काय सांगतासा? मला ठावं हाय. शांतीला सांगा.”

“तू नाही सांगितलंस तिला? इतक्या वर्षांत?”

“म्या कशाला सांगू? पाप तुमचं हाय.”

सांगतो म्हणालो. मातीला शांता आली होती, पण तिथं माणसं होती. नंतर ती कधी भेटली तर बरोबर तिचा नवरा असायचा, कधी पोरं. सबबीला काय तोटा?

यंदा जूनमध्ये ती माझ्या घरी आली. केस पिकायला लागलेत. हातात पेढ्यांचा पुडा. तिच्या धाकट्या मुलीला अध्यापिका विद्यालयात प्रवेश मिळाला होता. पेढा माझ्या हातावर ठेवून तिनं वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, “तुला व्हायचं होतं मास्तरीण.” ती हसली. तिच्या मनात काही कडू नव्हतं, अगदी आनंदात होती. म्हणाली, “द्येवाला माजी शाळा नगं हुती, तात्या. तुमच्यासारक्यानं राखूनबी ज्वारी ऱ्हायली न्हाय, म्हंजी त्येचीच मर्जी. पर हिची शाळा त्येला पायजे दिसतीया.”

पेढा माझ्या हातात तसाच राहिला. बायको दारात उभी होती. ती माझ्याकडं बघत होती. शांता चहा पिऊन, बायकोच्या पाया पडून निघून गेली.

हा अंक आमच्या मंडळीतल्या प्रत्येक घरी जातो. शांताच्याही जातो, आणि ती सहावीपर्यंत शिकलेली आहे, वाचते. तेव्हा तिच्यासाठी लिहितो. शांता, तुझी शाळा देवानं मोडली नाही. त्यानं तर आषाढात तुझ्या आईला माझ्या दारात पाठवलं होतं, पेव उघडा म्हणून सांगायला. मी उघडलं नाही. तुझी शाळा मी मोडली.